पाणी उतरेपर्यंत

दुपारी तीनला ही नदी ओलांडायची नसते,
एवढंच बुरुलचा म्हणाली
आणि चुलीत शेणी सारली.

मी बिश्केकचा. भाषा येते म्हणून वाटाड्या.
मागे दोन गाड्या, ओडिलची आणि वाल्देमारची,
अडीच-अडीचशे किलोची धुडं,
ॲल्युमिनियमच्या पेट्या, हँडलवर उजळ नकाशा.
नकाशात इथे पूल आहे.
इथे पुलाचे दोन खांब आहेत.

वाल्देमार थांबला नाही.
फूटपेगवर उभा राहिला, गुडघ्यांत टाकी धरली,
पहिला गिअर, सगळं शिकवल्यासारखं.
फक्त मधल्या धोंड्याकडे पाहिलं त्यानं.
गाडीचं हे असंच असतं, नजर जाते तिकडे ती जाते.

दूधकाढ्या रंगाच्या पाण्यात
आधी आरसा बुडाला, मग हेडलाइट,
तो पाण्याखालीही थोडा वेळ जळत राहिला.

एकशे छत्तीस अश्वशक्ती, माहितीपत्रकात छापलेलं.
तिला बाहेर ओढलं
बुरुलचाच्या एका तांबूस घोडीनं,
जी मध्येच थांबून गवत खात होती.

संध्याकाळी प्लग काढून स्टार्टर दाबला
तशी गाडीनं लांब चूळ टाकली.
ओडिल हसली. मग वाल्देमारही, नाइलाजानं.
एअर फिल्टर चुलीपाशी वाळत घातला,
शेजारी कुरुतच्या खारट गोळ्या.
अंधारात त्यानं चुकून फिल्टरलाच हात घातला.

वर बर्फ दुपारपासून वितळतं, बुरुलचा सांगत होती,
इथे पोचायला त्याला तीन वाजतात.
रात्री वर गोठलं की खाली उतरतं.
यात शौर्याचं काय आहे?
मी भाषांतर करताना शेवटचं वाक्य गाळलं.

रात्रभर नदीच्या तळाशी दगड गडगडत होते,
युर्तच्या जमिनीतून ते पाठीला कळत होते.
पहाटेकडे कधीतरी थांबले.
त्या शांततेनंच जाग आली.

पाणी घोट्याएवढं.
अनवाणी जाऊन तळ चाचपून आलो,
बोटं बधिर, पण वाट पक्की.
कालचा तो धोंडा उघडा पडला होता,
स्टुलाएवढा, कोरडा.
वाल्देमार त्यावर बसून बूट चढवत होता.

तेवढ्यात मागून फटफट आवाज.
बुरुलचा, मुलानं मॉस्कोला जाताना सोडलेल्या
जुन्या इझवर,
आरशाच्या जागी लोकरीचा धागा,
साइडकारमध्ये एक लंगडी मेंढी, तालुक्याच्या डॉक्टरकडे.

ती उभी राहिली नाही, वेगही वाढवला नाही.
पलीकडच्या काठावर नजर ठेवून
बाजारात जावं तशी पाण्यातून गेली.

मेंढी वळून आमच्याकडे बघत होती.
ती नाही.