दोन अंश जास्त

नोदारनं सीपीयू पाठीवर आणला,
चादरीत बांधून, आजारी मेंढरू आणावं तसा.
कुताइसीच्या बाजारामागं, बूट शिवणाऱ्याला लागून
माझं दुकान. पाटी नाही.
लोक जळक्या सोल्डरच्या वासावर येतात.

'चालतो,' म्हणाला, 'पण माझ्यासाठी चालत नाही.'

झाकण काढलं. आत मांजराचे केस,
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं (ती आत कशी गेली, देव जाणे),
पंख्याच्या पात्यांवर नऊ वर्षांची धूळ, घोंगडीसारखी.
गल्लीत नेऊन ब्लोअर मारला.
नोदार शिंकला, हसला, परत शिंकला.

ती सोपी घाण. दिसणारी.

मग पडदा उजळला आणि एकावर एक
खिडक्या उघडत गेल्या:
तुमचा संगणक धोक्यात आहे.
तुम्ही आमचे दहा लाखावे पाहुणे.
तुमच्या गावातल्या एकट्या बायका.
'ह्यातल्या एकीला मी उत्तर दिलं होतं,' तो म्हणाला,
'बरं दिसत नाही म्हणून.
लिहिलं, माझं लग्न झालंय.'

नेटची वायर उपसली. सेफ मोड.
मशीन उठायच्या आधी
तेवीस जण उठून चुलीपाशी बसलेले,
ओळख ना पाळख, आणि घरच्यासारखे.
स्कॅन लावला. तीन तास.
नोदार स्टुलावर. तेंदूसारखं एक पिकलं फळ
सोलून अर्धं त्यानं मला दिलं.
आयुष्यभर तो ट्रकच्या कारखान्यात होता,
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून
कुठला सिलिंडर खोटं बोलतो ते सांगायचा.
आता त्यानं हार्ड डिस्कला कान लावला.
'दुसऱ्याचंच काम करतोय हा,' म्हणाला.
बरोबर होतं.

तीनशे सत्तावीस.
गोचिडं काढावीत तशी काढत गेले,
घाईनं ओढलं की तोंड आतच राहतं,
म्हणून मुळापासून, एकेक, रजिस्ट्रीतली नावंसुद्धा.
शेवटी उरली ब्राउझरच्या कपाळावरची पट्टी:
हसरा पिवळा सूर्य, शेजारी एक आकडा.

'तो नको,' नोदार उभा राहिला.
'अहो, दार ह्यानंच उघडलं. बाकीचे सगळे
ह्याच्या ओळखीनं आत आलेत.
तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण हा कुठंतरी कळवतो.'
'कळवू दे. तो बारी दाखवतो.'

बारी, इटलीत. तिथं लामारा,
दुसऱ्याच्या आईला आंघोळ घालते,
दुसऱ्याच्या आईचं सूप गाळते. नऊ वर्षं.
हा सकाळी उठतो, दात घासायच्या आधी
सूर्याकडं बघतो: चौदा. ढगाळ.
बस्स. मग त्याचा दिवस सुरू.

मी काढला. काढावाच लागला.
डिलीट म्हणताना त्याच्याकडं पाहिलं नाही.
'दुसरा देते, स्वच्छ,' म्हणाले, आणि दिला.
हसत नव्हता तो. नुसतं लिहिलेलं:
बारी, बारा.

'हा चुकतोय.'
'हा बरोबर आहे. चुकत होता तो.'
फोनवर दाखवलं, आणखी एका ठिकाणी दाखवलं.
बारा. बारा.
'लोकांना बरं वाटावं म्हणून असेल,
किंवा नुसताच भंगार.
दोन अंश जास्त सांगायचा.'

नोदार बराच वेळ चादरीची गाठ मारत राहिला.
एकदा सुटली. परत मारली.
'म्हणजे नऊ वर्षं,' म्हणाला,
'मला वाटत होतं त्याहून ती थंडीत.'

पैसे घे म्हणाला, मी अर्धे घेतले,
मग आंबट आलुबुखारच्या चटणीची बरणी
टेबलावर ठेवून गेला, झाकण चिकट.
पासवर्ड बदलायचं मी चार वेळा बजावलं.
तो हो हो म्हणाला, म्हणजे बदलणार नाही.

जरा वेळानं बाहेर डोकावले.
ओझं पाठीवर तसंच, फोन कानाशी,
बूटवाल्याच्या दारात उभा राहून तो ओरडत होता,
लांबच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं तसा,
'कुठला? तो राखाडी? अगं तो विरलाय!
त्याच्या आत काय घालतेस?'