जादा पान

एल्डोरा क्रायडरबाईंनी पिकअपमधून
घोंगडीत गुंडाळलेलं पान उतरवलं.
एक टोक मी धरलं, एक त्यांनी.
टेबल व्हर्ननच्या हातचं,
पॉटर काउंटीतल्या एका काळ्या चेरीचं,
दोन अर्धी, आणि घरात माणसं वाढली
की मध्ये सरकवायचं हे जादा पान.

‘एकाच खोडाची भावंडं,’ त्या म्हणाल्या,
‘आणि शेजारी ठेवली तर ओळख लागत नाही.’

टेबल मी पाहिलेलं आहे.
मार्च संपताना मेपलचा शेवटचा पाक उतरतो
तो रंग.
आणि हे पान ट्राउटच्या पोटासारखं,
फिकट, गुलाबी, कालच कापल्यागत.

शेवटचं कधी लावलं होतं?
त्या बोटांवर मोजू लागल्या.
मर्ल टूसॉनला गेला त्याच्या आदल्या वर्षी.
नाही, त्याच्याही आधी.
मग म्हणाल्या, पलंगाखाली होतं.

चेरीचं असंच आहे,
उजेड दिसला नाही
की तिचं वय होत नाही.

उपाय आहेत.
कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून फासला
तर दोन मिनिटांत म्हातारी होते.
माझ्या डाव्या मनगटावर त्याचा डाग आहे, पांढरा.
माझं कातडं उलट्या दिशेने गेलं.
डब्यातला रंग आहे,
पण तो ही सारखा पीत नाही,
इथे घोट, तिथे थेंब,
आणि गालावर वांग आल्यासारखी दिसते.
तिसरा उपाय फुकटचा.

‘किती दिवस?’
जून द्या, जुलै द्या.
‘नोव्हेंबरात येतायत सगळे.
व्हर्ननला वर्ष होईल.’

जवसाच्या तेलाचा एक हात दिला
आणि अंगणात दोन घोड्यांवर पान आडवं टाकलं.
सकाळी ही बाजू, दुपारी ती.
ढग आला की मान वर,
पापड राखावेत तसं राखलं.

एका शुक्रवारी गवत कापताना
उजव्या हाताचा मोजा काढून त्यावर ठेवला
आणि पाठ धरली.
तीन दिवस छत बघत पडलो.
सोमवारी मोजा उचलला,
तर खाली हात.
फिकट, पाचही बोटं पसरलेली,
कुणी टेबलावर टेकवून उठावं तसा.

रंधा काढला. पातं तपासलं.
पुन्हा जागेवर ठेवला.
एवढा सगळा जून
ढलप्यांत काढून टाकायचा जीव होईना.

बाई आल्या तेव्हा मी आधीच सगळं सांगून टाकलं:
काठाची बोटभर पट्टी कोवळ्या लाकडाची आहे,
ती कधीच रंगणार नाही,
तो माझा दोष नाही.
हा हात मात्र माझा दोष.
त्यांनी काही न बोलता
त्या फिकट हातावर आपला हात ठेवला.
‘मोठा आहे,’ म्हणाल्या.
‘माझा आहे,’ मी म्हणालो, उगाच,
आणि मग दोघंही कुठेतरी दुसरीकडे बघत राहिलो.

जाईल तो, मी म्हणालो.
चेरी आधी भराभर रंगते, मग दमते,
मागे पडलेला भाग गाठतो पुढच्याला.
फक्त उघडं राहू दे.
वर कापड घालू नका.
फळांची परडी एका जागी ठेवू नका.

पैसे द्यायला त्यांनी पाकीट उघडलं
तेव्हा गॅरेजमध्ये पाल वाजावी इतका
आवाज झाला फक्त, चेनचा.

जानेवारीत फोन आला.
आले होते सगळे, मर्लसुद्धा.
अकरा जण बसले.
धाकटीच्या मुलीने विचारलं, हा हात कुणाचा,
आणि तीन जणांनी तीन उत्तरं दिली.
गेले आता.
‘पान काढून ठेवू का परत?’

राहू दे, मी म्हणालो.
उजेड लागतो त्याला.

पलीकडे जरा वेळ शांत.
मग म्हणाल्या,
‘मीठ दुसऱ्या टोकाला राहतं.
घ्यायला उठावं लागतं.’