एक दिवसाचा खंड

संशोधन कक्षात तीन टेबलं आहेत.
एकावर कणसे भाऊसाहेबांचा चष्मा अजून तसाच.
जूनमध्ये निवृत्त झाले, न्यायला येतो म्हणाले होते.
दुसरं शिंगटे मॅडमचं.
त्या परीक्षा विभागात आहेत, तात्पुरत्या,
दोन वर्षं झाली.
तिसऱ्यावर मी,
आणि तिघांचे मिळून एकेचाळीस प्रकल्प.

निधी देणारे आठ, आठांचे तक्ते आठ.
एकाला खर्च रुपयांत हवा, एकाला लाखांत,
आणि लाखांत मागणाऱ्याला
दशांशचिन्हापुढे पाच आकडे.
खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो.
म्हणजे दिसायचा.
आता तिथे कोटेशनांचं कपाट आहे.

इथापे सर कासच्या पठारावर टोपली कारवी मोजतात.
ती सात वर्षांनी फुलते.
प्रकल्प तीन वर्षांचा.
मुदतवाढीचं कारण लिहायला दोनशे अक्षरांची चौकट होती,
मी लिहिलं: वनस्पती अद्याप फुललेली नाही.
उलट टपाली विचारणा आली,
फुलण्याची अपेक्षित तारीख कळवावी.
सर पोट धरून हसले.
मला हसू आलं नाही,
तारीख मला भरायची होती.

मार्चअखेरीस रात्री साडेअकरा.
हणमंतनं राजवाड्यावरून आणलेले वडे गार झालेले,
एका खात्यात सतरा रुपये शिल्लक निघतात.
सतरा रुपये परत पाठवायला
ड्राफ्टचा खर्च पन्नासच्या वर.
तो कुठल्या शीर्षाखाली टाकायचा?
लेखाधिकारी म्हणतात, बघा तुमच्या पातळीवर.
माझी पातळी म्हणजे
उपयोगिता प्रमाणपत्रावर, साहेबांनी सही करायची तिथे,
पेन्सिलीनं मारलेली बारीक फुली.
सही झाली की तीही खोडायची.

भुईंजचा तौसिफ मुलाणी दारातच उभा राहतो,
आत येत नाही.
"मॅडम, पैसं कवा येत्यात?"
मेसचे चार महिने थकलेत त्याचे.
मी स्क्रीन वळवून दाखवते: प्रक्रियेत.
दुसरं काय दाखवणार.
तो मान हलवतो, जसं काही
मीच आजारी आहे आणि तो भेटायला आलाय.

माझी ऑर्डर अकरा महिन्यांची.
मग एक दिवस खंड,
मग पुन्हा तेच नाव, तोच पगार, नवा जावक क्रमांक.
पगार निघतो ओव्हरहेडमधून,
भाऊसाहेब त्याला डोक्यावरचा खर्च म्हणायचे
आणि माझ्याकडे बघून जीभ चावायचे.

यंदा खंड सप्टेंबरात आला.
घरी सांगितलं नाही,
डबा घेऊन नेहमीच्या वेळी निघाले
आणि स्टँडवरून कासची गाडी धरली.
प्रवेशाचे पैसे दिले, पावती जपून पर्समध्ये ठेवली.
नंतर लक्षात आलं,
ही कुणालाच सादर करायची नाही.

जांभळं, पांढरं, पिवळं, नावं मला येत नाहीत,
आमच्या फायलीत ती सगळी लॅटिनमध्ये आहेत.
टोपली कारवी मात्र ओळखली.
हिरवीगार, घुमटासारखी, एकही कळी नाही.
तिच्याकडे बघत डबा उघडला
तेवढ्यात फोन थरथरला.
ओटीपी.

पोर्टलवर नंबर माझा नोंदलेला.
मी आज कुठल्याच कागदावर नव्हते,
तरी सहा आकडे मलाच शोधत
घाट चढून आले होते.
दहा मिनिटांची मुदत.
सात मिनिटं मी भाजी-भाकरी खाल्ली.
खरंच, सावकाश चावून.

मग हणमंतचा फोन, तुटक तुटक:
"मॅडम... मुलाण्याचं बिल... आकडा सांगा..."
रेंज जाईना-येईना.
एका हातात डबा, एका हातात फोन,
कुंपणाच्या कडेनं पळत
मी चढावर गेले आणि ओरडून सांगितलं,
चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, सहा.
सहलीला आलेली माणसं बघत राहिली.
"झालं," हणमंत म्हणाला. "परकिर्येत दावतंय."

परतीची गाडी साडेतीनची होती, तीही धावतच धरली.
वळणावर आठवलं,
तारीख विचारायची राहिलीच.