खोलीचा आवाज

पहिल्या सत्रात आम्ही मुके होतो.
दिसेल तेवढंच सांगायचं.
दुसऱ्या सत्रात रीमा हद्दादबाईंनी
एकेकाच्या गळ्यात रेकॉर्डर अडकवला:
तीन मिनिटं. एक माणूस, त्याचं काम.
गाणं टाकलंत तर नापास.

मी तांडेलमामांना धरलं.
शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
आमच्या इमारतीचे एसी तेच बघतात,
मी दुपट्यात होते तेव्हापासून.
स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले,
वैद्यानं नाडी बघावी तसे.
"आयकलंस? बेअरिंग बोलता."
मला नुसती घरघर.

रंगाऱ्याच्या रोलरची लांब काठी,
टोकाला चिकटपट्टीनं बांधलेला माईक,
माईकवर बाबांचा लोकरी मोजा,
गावाहून आलेला, इथे कधीच न घातलेला.
दोन दिवस काठी धरून दंड भरून आले
आणि घरी ऐकते तर
मामा नाहीतच.
शब्दांवर साय धरावी तसा एसी.
इथे शांतता म्हणतात तीसुद्धा एसीच असते
हे एकोणीस वर्षांत मला कळलं नव्हतं.

म्हणून जुलैत, दुपारी दोनला,
आमच्या हॉलचा एसी बंद केला.
पंखा. फ्रिजसुद्धा.
फ्रिज परत लावायला विसरू नये म्हणून
घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची,
ही बाईंची युक्ती.

मामा खुर्चीत. ओरडूनच म्हणाले,
"ह्यो बंद केलंस तर मी बोलतलंय कसो?"
आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले.
मग तो आवाज उतरत गेला,
खाडीला ओहोटी लागावी तसा,
आणि खालचे खडक दिसू लागले:
वेंगुर्ल्याचा धाकटा भाऊ, जन्मापासून बहिरा.
होडीचं इंजिन अडलं की
तो त्याला कपाळ टेकवायचा
आणि बोटानं दाखवायचा, इथे.
गावातले मेकॅनिक हसायचे.
बोट कधी चुकलं नाही.
मामा त्याच्याकडूनच शिकले ऐकायला.
तो कुठे असतो आता, हे मी विचारलं नाही.
त्यांनी स्क्रूड्रायव्हर कपाळाला लावून दाखवला,
कानाला नाही.

लाल दिवा लुकलुकत होता.
लुकलुकणं म्हणजे तयारी.
स्थिर म्हणजे सुरू.
बटण दोनदा दाबायचं असतं.
मी एकदा दाबलं होतं.

पुन्हा सांगाल का?
"आता नको गो. सांगान झाला."

मग मी काय मागणार?
एक मिनिट गप्प बसाल? खोलीचा आवाज लागतो,
दोन तुकड्यांमधलं भोक बुजवायला.
बसले. तळवे गुडघ्यांवर,
नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब, पुसला नाही.
दिवा स्थिर.

फिल्ममध्ये दोन मिनिटं स्क्रूड्रायव्हर आहे,
आणि शेवटी ते बसणं, अख्खं.
वर्गात कुणी खुर्ची सरकवली, कुणी फोन बघितला.
बाईंनी विचारलं,
चाळिसाव्या सेकंदाला ते काय टपटपतंय?
बर्फ, म्हटलं. आमचा फ्रिज वितळतोय.
आणि त्याच्या मागे?
मला माहीत नव्हतं.

बाई उठल्या,
भिंतीपाशी जाऊन वर्गातला एसी बंद केला,
थांबल्या, तो पूर्ण थंडावेपर्यंत.
"परत लाव."