फलाट तिकीट

गंगाखेडहून शेवटची बस परभणीला टेकली तेव्हा
स्टेशनच्या घड्याळात पावणेबारा.
जालन्याची गाडी पहाटे, पेपर दहाला.
मध्ये एवढी मोठी रात्र पडेल
हे हॉलतिकिटावर छापलेलं नव्हतं.

डिसेंबर. परभणीची थंडी
पेपरात वाचायला बरी असते.
मी बाकावर बसलो, मांडीवर पुस्तक उघडं,
पंचायत राज, प्रकरण चौथं,
आणि दात वाजायला लागले.

"तिथं नको बसू," खालून कुणीतरी म्हणालं,
"रुळावरून सरळ वारं येतंय.
हिकडं ये, वजनकाट्याच्या मागं."

सोजरबाई. नाव नंतर कळलं.
आधी दिसली ती वाकळ :
कडेला कुणाच्या तरी शाळेच्या शर्टाचा निळा तुकडा,
त्याचा खिसा अजून शाबूत.

बूट काढ, पण उशाला घे.
पट्टा पायाला नको बांधू, मनगटाला बांध,
पाय झोपतो, हात झोपत नाही.
भिंतीकडं तोंड करू नको,
पोलिसाला चोर वाटतंस.
नळ साडेतीनला येतो, तवाच तोंड धू, नंतर रांग लागती.

मी ऐकत होतो,
पुस्तक कधी मिटलं ते कळलं नाही.

कनवटीच्या पिशवीतून तिनं गठ्ठा काढला,
रबर लावलेला. फलाट तिकिटं.
"दहा रुपयाचं. दोन घंटे चालतंय.
रोज एक काढते. भाडं म्हण."
आणि दोन घंट्यानंतर?
"मंग मी सेलूला जायले, लेकीकडं. गाडी लेट हाय."
हसली.
लेक आहे का सेलूला, मी विचारलं.
ती तंबाखू मळत राहिली.

सगळ्यात खालचं तिकीट माझ्यापुढं धरलं :
"वाच बरं, कवाचं हाय?"
शाई उडालेली. नुसता पांढरा कागद, घामानं मऊ.
मी अंदाजानं एक तारीख सांगितली,
तीन वर्षांपूर्वीची.
"तवा माह्या गुडघ्याला सूज नव्हती," ती म्हणाली,
आणि तिकीट जपून परत खाली घातलं.

दोन वाजून गेले असतील.
फरशीवर काठी. टॉर्च.
माझ्या हॉलतिकिटावरच्या फोटोवर, मग माझ्या तोंडावर.
मग तिच्यावर.
"ही तुझ्यासंगं आहे का?"

अर्धी वाकळ माझ्या पायावर,
अर्धी तिच्या गुडघ्यावर.

"नाही."

एवढं स्पष्ट उत्तर
मी दुसऱ्या दिवशी एकाही प्रश्नाला लिहिलं नाही.

सेलूचं तिनं सांगून पाहिलं. शिपायाला ते पाठ होतं.
उठताना तिनं काट्याला धरलं,
काट्याचे दिवे उगीच लुकलुकले.
"बरोबर बोललास," जाता जाता म्हणाली, "तुही परीक्षा हाय."
वाकळ ओढली नाही.

गाडी लेटच आली.
मी वाकळेची घडी केली, नीट बसेना, पुन्हा केली,
काट्याच्या मागं ठेवली.
निळ्या खिशात दहाची नोट.
एका रात्रीचं भाडं, म्हणणार होतो मनात,
पण तेवढ्यात दोनच घंटे येतात.

परतताना मुद्दाम उतरलो.
फरशी धुतलेली, काट्यामागं
एक माणूस पेपर अंथरून झोपलेला,
भिंतीकडं तोंड करून.
चहावाल्याला विचारलं.
"कोण, सेलूवाली का?
गेली असंल लेकीकडं."

आता होस्टेलवर आहे. खाट, गादी, उशी,
दाराला आतून कडी.
अझहर विचारतो, बूट उशाला कामून घेतोस रे, वास येतो.
सवय, मी म्हणतो.
कधी लागली?
एका रात्रीत.
एका रात्रीत कुठं सवय लागती का, तो म्हणतो,
आणि दिवा बंद करतो.