दुसरा थर

प्लम क्रीक लेनच्या तोंडाशी
मी बर्फ लोटायचं पातं उचलून घ्यायचो.
नियमच तसा. पुढचा रस्ता नकाशात आहे,
गावाच्या ताब्यात नाही.
शिवाय गटाराची झाकणं चार बोटं वर,
डांबराच्या दुसऱ्या थराची वाट बघत
सात हिवाळे.
एकदा पातं आपटलं होतं त्यातल्या एकावर,
दात अजून शिवशिवतात.

ड्वेन केटलसननं फीत कापली
तेव्हा सगळ्या गावाला पाव-सॉसेज.
अठ्ठावीस घरं, अठ्ठावीस खांब.
खांब आले.
दिवे आता येतील, म्हणाला.
कुणी सांगतं तो ॲरिझोनात आहे, कुणी म्हणतं अंथरुणाला खिळलाय.
फोन वाजतो, एवढं खरं.

डिसेंबरात जुन्या फायली चाळता चाळता
मर्लिस टॉफ्टीचं बोट एका ओळीवर थांबलं.
बँकेची हमी. मुदत शुक्रवार, दुपारी चार,
फार्गोच्या शाखेत, मूळ कागदासह.
टपालावर तिचा भरवसा नाही.
माझ्या ट्रकमध्ये बसली, पाकीट मांडीवर,
नव्वद मैल चकार शब्द नाही.
तीन चाळीसला शिक्का बसला.
येताना रस्त्यात थांबून तिनं
सफरचंदाचा अख्खा पाय एकटीनं संपवला.

पैसे आले, पण सात वर्षांपूर्वीच्या भावाचे.
डांबर काही हमीपत्र वाचत नाही.
सभेत इंजिनिअरनं नकाशावर पेन्सिल ओढली:
चौदाव्या घरापर्यंत पुरेल.
पंधराव्यात इंग्रिड सोल्बर्ग राहते,
तिच्या ऑक्सिजनची गाडी दर मंगळवारी येते.
ती उभी राहिली. भांडली नाही.
"पेन्सिलच आहे ना? मग खोडरबरही असेल."

कुणी हसलं नाही.
उरलेला खर्च अठ्ठावीस घरांवर वाटायचा
की केटलसनच्या न विकलेल्या प्लॉटांवर बोजा चढवायचा,
यावर वकिलाचं मत मागवलं.
ते अजून मागवलेलंच आहे.

जूनमध्ये रोलर आला.
वाफाळत्या काळ्या थरात
झाकणं एकेक करून बुडाली, रस्त्याशी सपाट झाली,
चौदापर्यंत. तिथं डांबराची कड
अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यासारखी.

यंदा पहिल्या वादळानंतर
सोमवारी रात्री मी पातं तोंडाशी उचललं नाही.
उचलायचं होतं चौदाला.
नियम मला पाठ आहे.
पण हात गारठला होता, म्हणा,
उचलायला जरा उशीर झाला.
पुढची झाकणं कुठं आहेत
ते माझ्या दातांना माहीत आहे.