पासून – पर्यंत

सोसायटीच्या हॉलमधल्या फळ्याला तीन रकाने:
नाव, पासून, पर्यंत.
पहिले दोन मी एका बैठकीत रंगवतो.
तिसऱ्यासाठी मला परत बोलावणं येतं.

सदलग्याच्या अलीकडं, दूधगंगेच्या अंगाला आमचं गाव.
इथं प्रत्येक गोष्ट तीनदा लिहायची,
कन्नडात, मराठीत, इंग्रजीत.
वरची ओळ खाली आणि खालची वर करायला
आजवर चार वेळा मजुरी मिळाली मला.

खाली रेणुका. परीक्षा रविवारी.
एका हातात शिडी, एका हातात पुस्तक.
"वाच गं मोठ्यानं," म्हटलो,
"माझंपण राहिलंय ते."

ती वाचते:
इराणचा राजा घोड्यावर चढताना
स्वतःचीच तलवार मांडीत घुसून मेला.
त्याआधी सख्ख्या भावाला त्यानं गुपचूप मारलेलं.
आणि तोच भाऊ आता गादीवर.
"मेलेला?"
"हो. नाहीतर त्याच्या तोंडावळ्याचा कोण पुजारी."
सात महिने बसला. तीन वर्षांचा कर माफ केला.
मग सात सरदार तलवारी घेऊन आत शिरले.
पुढं ठरलं, पहाटे ज्याचा घोडा आधी खिंकाळेल
त्याची गादी,
आणि एकाच्या मोतद्दारानं रात्रीच काय ते जमवलं.

मी हसलो तशी शिडी हलली.
आमच्यात घोडा नव्हता, टाटा सुमो होती.
सात संचालक आंबोलीला नेऊन ठेवलेले,
आणले ते थेट हात वर करायला.

फळ्यावर अकरावी ओळ कोरी आहे.
तिथं बाळगोंडा होता. थोरला भाऊ गेल्यावर बसला,
एका वर्षाचं व्याज सोडला,
आणि सात महिन्यांनी कागद आला
की हा माणूस चेअरमन कधी नव्हताच.
सही बोगस, ठराव बोगस, सभा झालीच नाही.
त्या सभेचा चहा मी पिलेलो.

तीन ठिकाणी झाकायचं होतं.
कन्नडातला गेला. मराठीतला गेला.
पांढरा रंग संपला.
इंग्रजीत बाळगोंडा आणि एक महिना चेअरमन होता.

"नवा राजा मग डोंगर कोरून घेतला, बाबा.
तीन भाषांत."
"तिथंपण तीन?"
"तीन. एका वर्षात एकोणीस लढाया, नऊ राजे धरले.
प्रत्येकाच्या नावापुढं तेच: हा खोटं बोलला.
हा खोटं बोलला. हापण.
आणि शेवटी, वाचणाऱ्या, माझं खोटं समजू नको."

एवढ्या उंचावर कोरलं की खालून वाचताच येत नाही.
त्या पेंटरची शिडी कोण धरलं असेल?

"मग खरा होता का खोटा, तो सात महिन्यांचा?"
ती पान उलटली.
"नक्की सांगता येत नाही, असं दिलंय.
एक गोष्ट आहे नुसती.
पुजाऱ्याचे कान पूर्वी कधीतरी कापलेले होते.
राणीला बापाचा निरोप आला, बघ म्हणून.
तो झोपल्यावर तिनं अंधारात
त्याच्या केसांखालनं बोटं फिरवली.
कान नव्हते."

मी खाली आलो. ती वर चढली,
मी सांगितलो नव्हतो.
अकराव्या ओळीवर तळवा ठेवली,
मग एक बोट, डावीकडनं उजवीकडं, सावकाश.
त्या काळात मी रंग दाट लावायचो.
खरवडायचे पैसे कोणी दिले नव्हते,
आणि मीपण मागितलो नव्हतो.

"बाबा," म्हणाली, "इथं ळ आहे."

मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवलो.
नवं नाव लिहिलो. पासून लिहिलो.
शेजारी एक तारीख बसेल एवढी जागा सोडलो.
साडेदहाला सभा.
बाहेर कोणाच्या तरी गाडीनं
सगळ्यांच्या आधी हॉर्न दिला.